उदगीरच्या लढाईचा खोका

३ एप्रिल, रविवार. लातूर
'उदगीरची लढाई' आली, पटावरचा नवा खेळ! कुरिअरवाला गल्ली चुकला, मीच चप्पल न घालता धावले. जाडजूड खोका, वर प्लॅस्टिकचा घट्ट कागद. घरचा कायदा असा की मागचा डाव जो हरला, त्यानं नव्या खेळाचा कागद फाडायचा. मागचा डाव हे हरले. आणि हे बदलीवर नांदेडला. म्हणजे मी नुसतं बघत बसायचं. हलवून पाहिला. आत सोंगट्या खळखळल्या. जीव वरखाली.
शेजारच्या शबानाभाभी : "फिल्टर मागवलं का? पाणीच न्हाई तर गाळता काय?"

५ एप्रिल
फोनवर यांना खोक्याची मागची बाजू वाचून दाखवली. हत्ती, तोफा, घोडदळ. नकाशात मांजरा नदी निळीशार. काढणाऱ्यानं आमचं आटलेलं धरण पाहिलेलं नसावं.
"शनिवारी येतो. निजाम मी घेणार."
"येऊ नका. टँकर येऊन लई दिस झाले. तुमच्या आंघोळीला पाणी कुठून आणू?"
मी चिडवायला म्हणाले होते. बहुतेक.

९ एप्रिल, शनिवार
आले नाहीत. खरंच धरलं!
सध्या गावभर पाहुण्यांना नकोच म्हणतात, पण नवरा कधीपासून पाहुणा झाला? मलाही जाता येत नाही. टँकर कधी येईल नेम नाही, घरात माणूस लागतं. जेवताना खोका समोर ठेवला. वेडी आहे मी.

१२ एप्रिल
पाण्याची रेल्वे आली म्हणे. आमच्या नळाला अजून पाण्याचा पत्ता नाही.
उदगीर जिल्हा होणार, अशी पुन्हा हवा आहे. झाला तर यांना तिथल्या नव्या कचेरीत बदली मागता येईल, रोज रात्री घरी. हे म्हणाले, "होऊन राहिलाय म्हणतात सगळे." गेल्या साली पण होऊनच राहिला होता.

१४ एप्रिल
जयंती. पांढरी साडी नेसून विहारात गेले. सगळे विचारतात, तुमचे साहेब कुठं? यांची मिरवणूक नांदेडला.

१६ एप्रिल, शनिवार
फोन. आवाज थकलेला. म्हणाले, "तूच फाड गं. दोन्ही बाजू मांड, एकटीच खेळ. माझं काही खरं न्हाई."
डोकंच फिरलं. आजवर कायदा मोडला नाही या माणसानं, हरला तरी रडीचा डाव नाही. आता म्हणे एकटी खेळ! म्हणजे यायची आशाच सोडली की काय?
ओरडलेच. "पाण्याचं मरू द्या. आंघोळ करू नका, तसेच या. मला करमत न्हाई!"
लग्नाला अकरा वर्षं झाली, मी असं कधी बोलले नव्हते.
 हे म्हणाले, "बघतो."
येतो म्हणाले नाहीत. नाही येत, असंही म्हणाले नाहीत.