नाकावरचे दोन खड्डे

३ मार्च
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी.
मालक दुकानावर मोठा बोर्ड लावणार. चष्म्याचं दुकान, तेव्हा बोर्डावर चष्मा घातलेला चेहरा. स्टाफपैकीच कुणाचा तरी. म्हणजे माझाच. काउंटरवर आम्ही दोघं, आणि दुसऱ्याला सगळे बटाटा म्हणतात ते त्याच्या नाकावरूनच.
अडचण एकच. गेल्या वर्षी मी नाकावरचा उंचवटा काढून घेतला. ऑपरेशन उत्तम झालं. फक्त व्रण आत हाडाला चिकटले आणि दोन्ही बाजूंना खड्डे पडले. बायको म्हणते, स्पीडब्रेकर काढला आणि रस्ताच खचला. दुर्लक्ष केलं.

७ मार्च
डॉक्टरांकडे. व्रण खालून सोडवून पोटाची चरबी भरणार. चरबी मुबलक आहे म्हणाले. कौतुकानेच म्हणाले. बायको म्हणाली, एवढ्यात अख्ख्या कॉलनीची नाकं होतील.

१४ मार्च, सकाळी ११
झालं एकदाचं! सहा आठवडे नाकावर चष्मा टेकवायचा नाही. सोपं आहे. मला नंबरच नाही.

२२ मार्च
पट्टी निघाली. खड्डे गायब! आरशापुढे पाऊण तास. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारलं, कुठे आपटलात का. जळतात.

२६ मार्च
कामावर रुजू. फ्रेम हातात धरून दाखवतो, गिऱ्हाईकाला पटत नाही. आमच्याकडे विकणाऱ्याने आधी स्वतः घालून दाखवायची पद्धत. बटाट्याने माझ्या डोळ्यांदेखत नऊ विकल्या. मी एकही नाही. अंगाचा तिळपापड झाला.

२७ मार्च
एकदाच घातली. दोन मिनिटं. समोरच्या बाईंनी लगेच घेतली. दोन मिनिटांना डॉक्टरांची हरकत नसावी. विचारलं नाही, उगाच त्यांना कशाला त्रास.

३१ मार्च
आज एकवीस फ्रेम घातल्या. सगळ्या हलक्या. एक जाड होती, पण गिऱ्हाईक आजोबांना नाही म्हणवेना. बटाट्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

६ एप्रिल
बाथरूमचा बल्ब खराब. नाकावर सावल्या पडतात. बल्ब बदलला. सावल्या तिथेच.

९ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, खड्डे बरोबर चष्म्याच्या पॅडच्या मापाचे आहेत. मी म्हटलं, योगायोग. त्यांनी हात जोडले. परत भरायचं तर वर्षभर थांबा म्हणे. बसमध्ये रडू आलं. खरंच आलं.

२५ एप्रिल
बोर्डावर माझाच चेहरा! म्हणत नव्हतो?
फोटो काढायची गरज नाही, मालकांकडे तीन वर्षांपूर्वीचा आहे. त्या उंचवट्यावर चष्मा काय ऐटीत बसायचा म्हणाले, कधी घसरला म्हणून नाही. तेव्हाच ठरवलं होतं म्हणे, बोर्ड लावला तर हेच नाक. मग माझ्या नाकाकडे बघून, असं का केलंस रे, म्हणाले.

२ मे
बोर्ड लागला. बारा फूट. उंचवटा रस्त्यापलीकडून दिसतो. देखणं होतं हो नाक.
दुपारी एक बाई आल्या. त्यांना बोर्डावरच्या साहेबांकडूनच चष्मा घ्यायचा होता. माझ्याकडे निरखून बघितलं आणि मलाच विचारलं, ते कुठे आहेत.
रजेवर आहेत, म्हटलं.
कधी येणार, म्हणाल्या. मी त्यांना बटाट्याकडे पाठवलं.