चार मिनिटांची माय

माय, मी एक सिनेमा केला. तुझा. तू हसशील म्हणून आधीच सांगते, फक्त चार मिनिटं दहा सेकंदांचा आहे, पण एकटीने केला आणि एकसष्टाव्या वर्षी केला. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता नवीन काही शिकायचं उरलं नाही. पण तुझी एक नात आहे, धाकटीची मुलगी. तू गेल्यानंतर वर्षभराने जन्मली. तिचं लग्न ठरलं आणि ती साड्या दाखवायला अमरावतीहून माझ्याकडे, अकोल्याच्या जठारपेठेत आली. भिंतीवरच्या तुझ्या फोटोपुढे थांबली. तो फोटो कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या तुझ्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला, त्यात तू कुणावर तरी रागावल्यासारखी दिसतेस. ती म्हणाली, "मावशी, आजी चाले कशी? मले तं हा एकच चेहरा माहीत हाय." मी सांगायला गेले आणि मला ते सांगताच येईना. चाल काय शब्दात सांगतात?

मग आठवली धाकटीच्या लग्नाची कॅसेट. तीस वर्षं तिच्या कपाटात पडून होती. एका स्टुडिओवाल्याने ती पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. तीन तासांचं लग्न. मी पहिल्यांदा पूर्ण पाहिलं तेव्हा रडू नाही आलं, राग आला. त्यात सगळे आहेत. आहेर देणारा प्रत्येक माणूस आहे, मंडपाचा खांब आहे, गल्लीतलं कुत्रंसुद्धा आहे. तू नाहीस.

आणि कशी असशील? तो दिवस मला अजून समोर दिसतो. जुन्या शहरातली आपली गल्ली, मे महिना, सकाळचे आठ वाजलेत आणि आचारी आलेला नाही. निरोप येतो की तो दुसऱ्याच लग्नाला गेला. तीनशे माणसं जेवायची आहेत. बाबा डोक्याला हात लावून ओट्यावर बसतात. तू पांढऱ्या साडीचा पदर खोचतेस आणि म्हणतेस, "बसून काय होते? चुली पेटवा." शेजारच्या चार बाया तुझ्यामागे निघतात. पुढे बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा तू पुऱ्यांच्या कढईपाशी होतीस, लेकीवर फुलं पडली तेव्हाही तिथेच. त्या दिवशी एकही पाहुणा उपाशी गेला नाही, आणि फोटोसाठी तुला बोलवायचं कुणाच्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्याच वर्षी तू गेलीस.

मी वही घेतली आणि कॅसेट पुन्हा पाहिली, थांबवत थांबवत. तू कडेकडेने होतीस. कुणाच्या तरी खांद्यामागून भाजीची बादली घेऊन जाणारी, पंगतीच्या टोकाला उभी राहून ओठांतल्या ओठांत पानं मोजणारी, हातात झारा घेऊन घाम पुसणारी. एकदा तर नवरा-नवरीभोवती कॅमेरावाल्याने गुलाबाची फिरती चौकट टाकलीय आणि तिच्या एका पाकळीत तू आहेस. अकरा जागा सापडल्या. मिनिट आणि सेकंद लिहून ठेवले.

लॅपटॉपवर व्हिडिओ कापायला-जोडायला शिकणाऱ्यांसाठीचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. खाली एक लांब पट्टी असते, तिच्यावर चित्रं अंथरायची, कात्रीच्या खुणेने कापायची, नको ते काढून टाकायचं. पहिल्याच दिवशी मी उलटा तुकडा काढला. पाहुणे राहिले आणि तू गेलीस. मी घाबरले. मग वरच्या कोपऱ्यात मागे वळलेला एक बाण दिसला. तो दाबला तर तू परत आलीस, बादलीसकट. खोटं कशाला सांगू, त्यानंतर मी उगाचच तीन-चारदा तुला पुसलं आणि परत आणलं. महिनाभर रोज सकाळी चहानंतर बसायचे. वर चढवलेली लग्नाची गाणी बंद केली. तुझी चाल जिथे दिसते ते दोन तुकडे जरा हळू केले. शेवटी अकरा जागा एका ओळीत लागल्या आणि सुरुवातीला मी पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, "आमची माय."

हळदीच्या दिवशी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून बसने अमरावतीला गेले. दुपारी टीव्हीला लावून पाहिला. माझा सिनेमा त्यात दिसेचना. नातीने तेच सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर घेतलं आणि फाइल उघडली, तर नुसत्या काळ्या चौकटी आणि प्रत्येकीवर लाल खूण. ती पुण्यात कॉम्प्युटरचीच नोकरी करते. तिने दहा मिनिटं खटपट केली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मावशी, फाइल खराब झाली वाटते. राहू दे, मंग कधी पाहू." धाकटी दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला. माझा लॅपटॉप अकोल्यात, पाहुणे पाच वाजता येणार.

तेव्हा मला काय आठवलं सांगू? मी सातवीत असताना शेजारच्या काकूंची शिलाई मशीन माझ्या हातून अडकली होती. मी रडत थेट जिनिंगवर आले. तुझ्या केसांत कापूस, भुवयांवर कापूस. तू मला जवळ नाही घेतलंस. म्हणालीस, "रडून मशीन चालते काय? कुठं अटकलं थे पाह्य पहिले." तेव्हा मला तुझा फार राग आला होता.

मी खुर्ची ओढली आणि त्या लाल खुणेखालचं बारीक वाक्य वाचलं. व्हिडिओ जिथे होता तिथे सापडत नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. खराब झाला असं कुठेच नव्हतं. मग उमगलं. मी सिनेमा आणलाच नव्हता, कुठून कुठपर्यंत कापायचं याची नुसती यादी आणली होती. चित्रं होती मूळ तीन तासांच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल त्याच पेन ड्राइव्हवर होती. मी तिची जागा दाखवून दिली. एकेक चौकट उजळत गेली. शेवटचं बटण मी महिनाभरात दाबलंच नव्हतं, ते दाबून खरा सिनेमा तयार केला. नात म्हणाली, "मले हे काहून नाही सुचलं व मावशी?" मी उठले. आत जाऊन पाणी प्यायले आणि एकटीच हसले.

संध्याकाळी, हळद लागल्यावर, बैठकीत सगळे जमले. त्या दिवशी तुझ्यासोबत पुऱ्या लाटणाऱ्या शेजारच्या काकू आल्या होत्या, आता ऐंशीच्या आहेत. पडद्यावर तू बादली घेऊन निघालीस तशा त्या सरसावून बसल्या. "पाह्य, पाह्य, कशी चालून राहिली. मांगं वळून पाह्यची सवयच नव्हती तिले." नात हळदीच्या हातांनी टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. एका जागी, दोन गाण्यांच्या मधात, तुझा आवाजही आहे: "पहिले लेकरायले वाढा." तेवढंच वाक्य. ते तिने तीनदा लावायला लावलं. मग ती खोलीभर चालली, अंग थोडं पुढे, डावा हात कमरेवर, आणि काकू म्हणाल्या, "हे पोरगी तं डिट्टो तिच्यासारखी चालते." धाकटी माझा हात धरून बसली होती. लग्नात न निघालेला तुझा फोटो आम्ही दोघींनी त्या दिवशी काढला असं मला वाटलं, आणि मला त्याचा गर्व आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लॅपटॉपमध्येच राहील. पण एक सांगायचं राहिलं. नातीने विचारलं होतं, "आजीचा आवाज इथं एकदम काहून तुटला?" मी म्हणाले, कॅसेट खराब होती. खराब नव्हती, माय. तुझ्या वाक्याला लागूनच दुसरा आवाज आहे. "माय, बाजूले हो नं, मधात येऊन राहिली तू." तू घेऊन दिलेली रेशमी साडी नेसून मी कॅमेरावाल्याला पाहुणे दाखवत होते. तू लगेच बाजूला झालीस. ते मी कापलं. त्यासाठी कात्री पाच वेळा मागेपुढे केली, तेव्हा कुठे माझा आवाज पूर्ण गेला.