शाळेत सर म्हणायचं

१५ सप्टेंबर, सोमवार

आजपासून नवं आयुष्य. आमच्या वर्तकनगरात, घरापासून दोन गल्ल्या सोडून, सुमेधाची प्लेस्कूल आहे. सुमेधा म्हणजे हेमाची मावसबहीण. तिच्या आर्ट टीचर संचिता मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि ती बिचारी डोक्याला हात लावून बसली. मी म्हटलं, मी आहे की. अख्खी नोकरी रंगांच्या कंपनीत काढली आहे. त्यावर हेमाने मुद्दाम सांगितलं की अकाउंट्समध्ये काढली आहे. शेड कार्डं माझ्याच टेबलावरून जायची, हे बायकोला सांगून उपयोग नाही.

डिसेंबरात प्रदर्शन. विषय मीच दिला : चार ऋतू. भिंतीवर चार चित्रं, एकेका ऋतूचं एक. प्रदर्शन उत्तम झालं की पुढच्या वर्षी 'आर्ट हेड' वगैरे आपोआप होईल.

पण खरं कारण श्रिया. माझी नात, साडेतीन वर्षांची, याच वर्गात आहे. आपले आजोबा काय चीज आहेत ते तिला कळलं पाहिजे. संध्याकाळी मांडीवर बसवून नियम सांगितला. शाळेत आजोबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, नाहीतर पार्शॅलिटी होते. पार्शॅलिटी तिला कळली नसावी, पण मान डोलावली. गुणी पोर आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिला तास. विचारलं, पावसाळ्यानंतर काय येतं? प्रीतम नावाचा एक मुलगा म्हणाला, गणपती. मग? दिवाळी. मग? खोकला. मग? आंबे.

पाया फारच कच्चा आहे.

न्यायला आलेल्या प्रीतमच्या आईने विचारलं, काका, ऋतू तीनच ना, आमच्या टायमाला तर तीनच होते. सुमेधा म्हणाली, खरं म्हणजे सहा. तीन फार कमी, सहा फार जास्त. चार हा व्यवहार्य आकडा आहे आणि नेटवर सगळे चारच धरतात. विषय संपवला.

२२ सप्टेंबर, सोमवार. दुपारी

उन्हाळ्याचं झाड, हाताच्या ठशांचं. कलावंत दिसायला हवं म्हणून पांढरा झब्बा घालून गेलो. निम्मा उन्हाळा झब्ब्यावर आला. हेमाने झब्बा बघितला आणि सरळ फरशीच्या फडक्यांत टाकला.

शिस्त मात्र उत्तम. आधी हात वर, मग बोलणं, असा नियम काढला. श्रिया हात वर करून बराच वेळ उभी होती. मी तेव्हा सावली हा विषय समजावत होतो. नंतर कळलं की तिला शू लागली होती. लादी पुसली. नियम योग्यच आहे, अंमलबजावणीत किंचित सुधारणा हवी.

घरी जेवताना ती म्हणाली, सर, मला अजून भात. सगळे हसले. मीही हसलो. पोरीची ग्रहणशक्ती बघा!

२५ सप्टेंबर, गुरुवार

घरी आजोबा म्हटलेलं चालतं, असं श्रियाला समजावलं. तिने विचार केला आणि म्हणाली, बरं सर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज शरद ऋतू. पानगळ. पालकांच्या ग्रुपवर काल मेसेज टाकला होता : उद्या प्रत्येकाने पानं आणावीत, झाडावर चिकटवायची आहेत. काल दसरा होता हे मला माहीत होतं. त्याचा इथे काही संबंध येईल असं वाटलं नाही.

सगळ्यांनी आपट्याची पानं आणली. मी गोंदाचं झाकण उघडेपर्यंत वर्गात सोनं लुटून झालं होतं. प्रत्येकाने प्रत्येकाला पान दिलं, पाया पडले, मग तीच पानं परत पहिल्यापासून वाटली. उरलेली डब्यांत, खिशांत आणि एकाच्या मोज्यात गेली. मी ती भिंतीसाठी मागितली तर प्रीतमने मला वेड्यात काढलं. म्हणे, सर, सोनं कोण भिंतीला लावतं?

झाड उघडं राहिलं. सुमेधाला सांगितलं की शरदात झाड उघडंच असतं, हीच तर कल्पना होती. ती खिडकीतून बघून म्हणाली, समोरचा पिंपळ तर हिरवागार आहे. पिंपळाला कोण काय सांगणार.

श्रियानेही मला पान दिलं. दोन्ही हातांनी, वाकून. हॅपी दसरा, सर. गेल्या वर्षी माझ्या टकलावर पान ठेवून स्वतःच टाळ्या पिटल्या होत्या. मोठी झाली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीची सुट्टी. संकल्प : आवाज चढवायचा नाही, पांढरं घालायचं नाही, श्रियाशी रोज खेळायचं. तिसऱ्याला लगेच सुरुवात केली, पण ती हेमाबरोबर शाळा-शाळा खेळत होती. स्वतः सर झाली होती. हात मागे बांधून फिरत होती आणि हेमाला म्हणत होती, हात वर, आधी हात वर! मी खेळायला येऊ का विचारलं. ती म्हणाली, सर आहेत आधीच.

माझा प्रभाव खोलवर गेला आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हिवाळा. कापसाचा बर्फाचा माणूस. दोन पांढरे गोल, काळी बटणं, काड्यांचे हात, केशरी कागदाचं गाजर नाक म्हणून. विचारलं, हा कोण? वर्ग एका सुरात : गणपती!

मी समजावलं. थंड देशात बर्फ पडतो, तिथली मुलं असा माणूस बनवतात. कळलं? हो. मग हा कोण? बर्फाचा गणपती.

पाठ वळवली तर नाकाला खाली अजून दोन गाजरं लागली. सोंड झाली. वर्गात 'मोरया' सुरू. श्रियाने कापसाचा बोळा त्याच्या हातावर चिकटवला. मोदक. मी तो उपटून काढला आणि तिला समज दिली. आवाज चढवला नाही. बाहेर एक रिक्षावाला थांबून आत डोकावला, त्याचं काही वेगळं कारण असेल.

ती म्हणाली, सॉरी सर. मग कोपऱ्यात हात वर करून बसली. तिला काय विचारायचं होतं ते विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी गोष्टीचं पुस्तक घेऊन माझ्यासमोरून हेमाकडे गेली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण शिक्षकाने हळवं होऊन कसं चालेल?

१३ डिसेंबर, शनिवार

प्रदर्शन. सकाळी बघतो तर मोदक जागेवर परत आलेला, वर मुकुट, जानवं आणि क्रेप कागदाचं जास्वंद. काढायला वेळ नव्हता. प्रीतमच्या आजी पहिल्या आल्या. भिंत बघितली आणि उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. कुणीतरी मोबाइलवर आरती लावली.

मी प्रत्येकाला सांगत होतो की हा विंटर आहे. एक बाबा म्हणाले, बरोबर आहे काका, माघी गणपती विंटरमध्येच येतो. या अंगाने मी विचार केला नव्हता.

सुमेधा म्हणाली, इतका रिस्पॉन्स कधीच नव्हता. मी 'आर्ट हेड'ची वाट बघत उभा राहिलो. ती म्हणाली, भावोजी, तुम्ही फार दमलात, सोमवारपासून संचिता येते आहे. म्हणजे मी आता सल्लागार. पद तसं वरचंच.

जाताना प्रीतमच्या आईने श्रियाला विचारलं, तुझे आजोबा कुठे आहेत गं? मी शेजारीच उभा होतो, छाती काढून. श्रिया म्हणाली, ते हल्ली नसतात.

१५ डिसेंबर, सोमवार

सल्ला घ्यायला कुणाचा फोन आला नाही. दुपारी हेमाने श्रियाला आणायला पिटाळलं.

फाटकाशी संचिता मॅडम एकेका मुलाला विचारत होत्या, कोण आलंय न्यायला? आई. आजी. आबा. श्रियाची पाळी आली. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, कोणी नाही. सर आलेत.

मी म्हटलं, अगं, मी आजोबा! तर तिने मलाच हळू आवाजात समजावलं की शाळेत आजोबा म्हणायचं नाही. संचिता मॅडमनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. त्या फाटक उघडेनात. शेवटी सुमेधाने आतून येऊन ओळख पटवली, तेव्हा नात ताब्यात मिळाली.

रस्त्यावर आल्यावर म्हटलं, आता म्हण. तिने मागे वळून बघितलं. म्हणाली, अजून शाळा दिसते.

चालत राहिलो. इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावरून वळलो तशी शाळा दिसेनाशी झाली. तिने खात्री करून घेतली आणि माझं बोट धरलं. मग विचारलं, आजोबा, ते सर आता परत नाही ना येणार?

मी म्हटलं, नाही.

बरं झालं, ती म्हणाली, खूप ओरडायचे.

मी म्हटलं, मलाही ते फारसे आवडले नव्हते.