तीन खाचांची कुऱ्हाड

चांदा जेल,
१९ नोव्हेंबर १९५१

सौ. कमळावहिनींस पत्रूचा नमस्कार. इकडे मी बरा आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. धान कापून झालं असेल. थंडी पडली की बैल माझ्या कोठ्यात बांधा, तो रिकामाच आहे.

येत्या सोमवारी तुमच्या मालकांवर चौकीदाराच्या खुनाचा खटला उभा राहतो. मला माफी मिळाली ती साक्ष देण्यापुरती. निकालापर्यंत मीही आतच. आधी चार महिने आरोप न सांगता डांबून ठेवलं. मग फौजदार म्हणाला, "कुऱ्हाड तर भेटली. आता बोलनारं तोंड पाह्यजे. तू बोल, अन् घरी जाय." मी बोललो. खालच्या कोर्टात तुमच्या मालकांचं नाव तीनदा घेतलं.

रामाजीबुवांनी मला आणि तुमच्या मालकांना पाटावर बसवून एकमेकांचे महाप्रसाद केलं, त्याला सात वर्षं झाली. जन्माची मैत्री, आणि जन्मभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. त्यांनी ते पाळलं. कुऱ्हाड कोणाकडे होती असं कोर्टाने विचारलं, तर खाली बघत राहिले. त्यांचा वकील कळवळून म्हणाला, "लटारू, काऊन बोलत नाईस?" बोलायचं तर माझं नाव तोंडी आणावं लागलं असतं. तुम्हालाही त्यांनी न बोलण्याची शपथ घातली असणार.

माफीच्या साक्षीदाराच्या नुसत्या शब्दावर फाशी देऊ नये, जोडीला पुरावा हवा, असं वकील म्हणाला. सरकारने ती कुऱ्हाड पुढे केली. दांड्यावर त्यांच्या खुणेच्या तीन खाचा. पण महाप्रसादाच्या दिवशी आम्ही कुऱ्हाडी बदलल्या होत्या, हे त्या कोर्टात आम्हा दोघांनाच ठाऊक. वहिनी, टोळीने लाकडाचा डेपो जाळला, चौकीदार मेला, तेव्हा टोळीबरोबर मी होतो. ते नव्हते. पळताना कुऱ्हाड माझ्या हातून पडली.

माझी कुऱ्हाड तुमच्या घरी आहे, पात्याचा कोपरा उडालेली. ती आणि अदलाबदल डोळ्यांनी पाहिलेल्या रामाजीबुवांना घेऊन सोमवारच्या आत वकिलाकडे जा. पत्र त्याच्याकडूनच वाचून घ्या. माझ्या कोठडीतला वारलू आज सुटतोय, तो आणून देईल आणि वकिलाकडे जायचं तोंडीही सांगेल.

माझी माफी जाईल. फाशीही होईल. मला फार भीती वाटते, वहिनी. कोर्टात फौजदार समोर दिसला की मी पुन्हा त्यांचंच नाव घेईन, मला माझा भरवसा नाही. म्हणून आजच लिहून देतो.

त्यांना सांगा, शपथ मी मोडली, आता त्यांनी माझं नाव घ्यावं. महाप्रसाद म्हणून सही करायला तोंड उरलं नाही.

पत्रू वल्द नानाजी