पट्टा कोणत्या झाडाला?

३ फेब्रुवारी, सोमवार
आज चौसष्ट झाडांना पिवळा पट्टा! डबा संपला, कंबर मोडली, पण मजा आली. सरकारी जंगलात अकरा वर्षं हेच काम — तोडायच्या झाडाला पट्टा मारायचा. किडकं, वाकडं, शेंडा वाळलेलं दिसलं की हात आपोआप उठतो.

घरी ह्यांचं नेहमीचं — "जरा सढळ हाताने रंग लाव की! जंगल सरकारचं आहे, तुझ्या माहेरचं नाही." हे आरा गिरणीत करवत चालवतात. लाकूडच येत नाही, म्हणून गिरणी आठवड्यातून तीन दिवस. उरलेले चार दिवस हे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावतात. सासूबाई म्हणतात, "गिरणी चालू दे बाई, मला माझी साखर सापडू दे!"

४ फेब्रुवारी
साखर सापडली. साबणाच्या डब्याशेजारी.

५ फेब्रुवारी, बुधवार
मेले! साहेबांचं पत्र आज नीट वाचलं. यंदापासून नियम उलटा — पट्टा असेल ते झाड ठेवायचं, नसेल ते तोडायचं. म्हणजे मी सगळी रोगट झाडं जपली आणि सरळसोट, धडधाकट झाडं करवतीच्या तोंडी दिली! आणि सोमवारी तोड सुरू.

जेवताना ह्यांना सांगितलं. पोट धरधरून हसले. मग हातातला घास ताटात ठेवून म्हणाले,

"राहिलं तसंच तर? एवढं सरळ लाकूड — गिरणी दोन वर्षं सातही दिवस चालेल. साहेब कुठे झाडं बघायला जातात?"

"आणि तिसऱ्या वर्षी काय चिराल? माझं डोकं?" मी ताट सरकवलं.

राग आलाच. पण ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते, त्याचा जास्त आला. गिरणीवर बारा घरं चालतात. मला काय ती घरं दिसत नाहीत?

६ फेब्रुवारी
अबोला. "त्यांना सांगा", "तिला सांग" — दुपारी सासूबाई भडकल्या. "मी काय टपालखातं आहे?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेबांना चूक सांगून टाकली. "रविवारपर्यंत निस्तरा," एवढंच म्हणाले. तारेचा ब्रश घेऊन जंगलात पोचते तर काय — हे आणि गिरणीतले तिघं ब्रश घेऊन उभे! सासूबाईंच्या टपालखात्याचंच काम.

"वहिनी, नाहीतरी आज गिरणीला सुट्टीच," त्यांच्यातले मुकादम म्हणाले. हे म्हणाले, "थांब, आधी पुन्हा एकदा हसून घेतो."

संध्याकाळपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट पट्टे खरवडले. ह्या माणसाला धोपटावं की मिठी मारावी, कळेना!

८ फेब्रुवारी, शनिवार
नव्याने दीडशे पट्टे, ह्या वेळी बरोबर झाडांना. ओढ्याकाठच्या बारा झाडांशी मात्र थबकले. काय सरळ वाढलीत! जपायचीच होती. पण मुद्दाम कोरी सोडली — गिरणीला तेवढाच महिनाभर आधार. जीव तुटला. ह्यांना बोलले नाही, नाहीतर डोक्यावर बसतील.

१० फेब्रुवारी, सोमवार
तोडीआधी झाडं मोजली. पट्टे एकशे बासष्ट! ओढ्याकाठच्या बाराही झाडांना पिवळा पट्टा — माझा हात पोचणार नाही इतका उंच. आमच्या घरात एवढं उंच माणूस एकच.