जिन्यातला पोटभाडेकरू

सोमवार, ४

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने आरशाचा कोपरा तेवढा उडवला, बाकी सगळं शाबूत आहे. आईसुद्धा. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिचं जिना चढणं-उतरणं बंद आहे, म्हणून टेम्पोवाल्यांनी तिला खुर्चीसकट वर आणलं. वाटभर तिने त्यांना असं फैलावर घेतलं की पाणी प्यायलाही ते थांबले नाहीत.

ऑफिस खाली, घर वर, मध्ये एकच जिना. कामावर उशीर झाला तर सांगायला सबब उरली नाही, एवढंच काय ते दुःख.

हे काम घेतलं तेव्हा मावशीने नाक मुरडलं होतं. एवढी शिकली आणि आता बंदुकांचे खेळ करणार म्हणे. करणार! ज्यांच्या नादाने आमची अख्खी पिढी वाया गेली असं सांगतात, ते धडाधड गोळ्या झाडायचे जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवायचे, आणि तेही अगदी होते तसे. रंगरंगोटी नाही, सुधारणा नाही. त्या काळी दार जिथे अडकायचं तिथेच आजही अडकलं पाहिजे. मालक याबाबतीत इतका कडवा आहे की सगळे त्याला 'जैसेथे' म्हणतात, तोंडावरसुद्धा.

सध्या ज्या गेमवर काम चाललंय तो ज्यांनी बनवला, ते याच इमारतीत बसायचे. तिसऱ्या लेव्हलला त्यांनी ही इमारतच जशीच्या तशी उतरवली आहे, आणि त्या भक्तीपोटी जैसेथेने ही जागा घेतली. मी आज पहिल्यांदा जिना चढले, पण पाय आपोआप वळत होते. शाळेत असताना या जिन्यात मी शेकडो वेळा मेले आहे. खूप मजा वाटतेय.

बुधवार, ६

दिवसभर गेममधला माझा गडी भिंतींशी भांडत होता.

इथली परीक्षा अशी असते: जुन्या खेळाडूंनी आपले डाव रेकॉर्ड करून ठेवलेत. त्यात चित्र नसतं, कुठल्या क्षणी कुठलं बटण दाबलं एवढंच असतं. आम्ही तीच बटणं आमच्या गेमला दाबायला लावतो. गेम तंतोतंत जुन्यासारखा असेल तर डाव सुरळीत पार पडतो. केसाएवढा फरक राहिला तर गडी भलत्याच वेळी वळतो आणि भिंतीवर डोकं आपटत बसतो. संध्याकाळी एक डाव शेवटापर्यंत गेला तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचले. शेजारच्या टेबलावर गेमचे आवाज सांभाळणारा बसतो, त्याला सगळे आवाजवालाच म्हणतात. त्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातले. बोलायला त्याला जड जातं बहुतेक.

शनिवार, ९

आईला नोकरी लागली! जन्मभर तिने टायपिंगचा क्लास चालवला, बोटं अजून विजेसारखी चालतात. दिवसभर वर बसून कंटाळते म्हणून जैसेथेने तिला एक कॉम्प्युटर दिला आणि गेम खेळून खोट काढायला सांगितलं. आता ती चष्मा नाकावर आणून राक्षस मारते आणि मेल्यावर त्यांना शिव्या घालते. मला म्हणाली, तुझ्या बाबांना हे दाखवायला हवं होतं.

आज आवाजवाल्याने मला पोटभाडेकरू ऐकवला. तिसऱ्या लेव्हलमध्ये जिन्याच्या वळणावर एक राक्षस ठेवलेला आहे, पण त्याचं चित्रच कुणी काढलेलं नाही. त्यामुळे तो दिसत नाही, फक्त त्याची पावलं ऐकू येतात. तो जागच्या जागी चालत असतो, कारण त्या कोपऱ्यात तो पहिल्या दिवसापासून अडकलाय. कोड उघडून पाहिलं तेव्हा कारण कळलं. जुन्या कॉम्प्युटरला अपूर्णांक झेपायचे नाहीत, म्हणून हा गेम प्रत्येक हिशेबात दशांशचिन्हापुढचं छाटून टाकतो. तेवढ्याने त्याचं पाऊल कोपऱ्याच्या अलीकडेच पडतं. भाडं न देता ठाण मांडून बसलाय म्हणून खेळणाऱ्यांनी त्याला हे नाव ठेवलं.

आवाजवाला म्हणाला, त्याच्या पावलांचा आवाज गेमच्या एकाही फाइलमध्ये नाही. मी म्हटलं, नीट शोध.

सोमवार, ११

जैसेथे आठवडाभर बाहेरगावी गेलाय. आज मी स्वतःवर खूश आहे.

आजच्या पडद्यांवर राक्षसांची चाल धक्के खात दिसते. मी त्यांच्या चालीपुरते अपूर्णांक छाटणं बंद केलं. लोण्यासारखी चाल झाली! जैसेथेच्या नियमात हे बसत नाही, माहीत आहे मला. पण सगळे जुने डाव लावून पाहिले आणि एकही बिघडला नाही. परीक्षेत पास झाल्यावर गुरुजी काय बोलणार? आल्यावर भांडेन त्याच्याशी.

मंगळवार, १२

त्या डावांमधला एकही खेळाडू जिन्याच्या कोपऱ्याकडे फिरकत नाही. म्हणूनच एकही बिघडला नाही. हे मला कालच सुचायला हवं होतं.

आईने दुपारी वरून फोन करून सांगितलं की तुझा भाडेकरू कोपरा सोडून निघाला. ती त्याच्या आवाजाच्या रोखाने गोळ्या झाडत होती, त्यातली एक लागली. कण्हण्यासारखा आवाज आला म्हणाली. तिने फुशारकीने सांगितलं आणि मी शाबासकी दिली. मग चूक लक्षात आली आणि छाटणी होती तशी परत चालू केली.

पण पावलं थांबली नाहीत. मी गेम बंद केला. तरी थांबली नाहीत. आवाजवाल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दाराकडे बघत बसला. आवाज आमच्या जिन्यातून येत होता.

बुधवार, १३

आवाजवाला आज आलाच नाही.

पावलं सावकाश पडतात. एका पायरीवर बराच वेळ घुटमळतात, मग वरची पायरी. प्रत्येक पायरीगणिक आई खचते. सकाळी तिचा आवाज बसला. दुपारी नखं निळी पडली. डॉक्टर येऊन गेले, नाडी पाहिली, छाती पाहिली, काही सापडलं नाही. जिना चढताना त्यांनी मध्येच कठड्याला धरलं आणि इथे एकदम उकडतं का म्हणून विचारलं.

या राक्षसांना अक्कल दिली आहे ती इतकीच: ज्याची गोळी लागली त्याच्या मागे लागायचं, तो मरेपर्यंत. मध्ये दुसऱ्या कुणाची गोळी लागली तरच त्याच्याकडे वळायचं. कोड माझ्यासमोर आहे. दुसरं काहीही लिहिलेलं नाही त्यात.

गोळी आईची लागली आहे.

गुरुवार, १४

तिला खाली न्यायचं तर त्याच्या अंगावरूनच न्यावं लागेल. खिडक्यांना गज आहेत. मी जिन्यातून ये-जा करते, भिंतीला पाठ घासत त्याच्या शेजारून जाते. तापलेल्या तव्याजवळून गेल्यासारखं वाटतं. तो माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. भीती तर वाटतेच, पण त्याहून जास्त संताप येतो. मी केलेल्या चुकीची शिक्षा तिला का?

जैसेथेला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, गोळी कुणाची लागली. सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाला की पोटभाडेकरू कोपऱ्यात असताना कुणालाच त्रास नव्हता, म्हणून तर मी कशाला हात लावू देत नाही. तो एकालाच नेतो. तुमचं वय आहे अजून, तुम्ही बाहेर पडा. आहे तसं राहू द्या.

आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. आहे तसं म्हणजे काय? आई आहे माझी ती, त्याच्या गेमची लेव्हल नाही.

नाही राहू देणार.

शुक्रवार, १५

इमारत तीच, लेव्हल तीच. तो जिन्यात ज्या पायरीवर आहे, त्याच पायरीवर पडद्यात गोळी घालायची. मी खाली कॉम्प्युटरवर, आई वरून फोनवर पायरी सांगते. दारापासून कितवी, डावीकडे की कठड्याकडे. कुजबुजल्यासारखं बोलते, पण मध्येच मला म्हणते, मनगट उचलून धर, बोटं आपटू नकोस.

एकही लागली नाही. सगळ्या आरपार.

तो आता दाराजवळ —

दुपारी. समजलं. गेम अजून तंतोतंत जुन्यासारखा नाही, म्हणून गोळी त्याला लागत नाही. आवाज, दारं, पडदा — मी जिथे जिथे आजच्या सोयीचं केलं होतं ते सगळं काढतेय. एकूण एक जुनी खोट परत घालतेय. जैसेथेलाही जमला नसेल इतका इमानदार गेम करून दाखवते. आई फोनवर श्वास मोजल्यासारखा घेतेय. मी तिला सांगितलं की झोपायचं नाही. ती म्हणाली, झोपतंय कोण.

शनिवार, १६, सकाळ

लागली!

उंबऱ्यावर होता. पडद्यात काही नव्हतं, पण वरून कण्हणं ऐकू आलं, फोनमधूनही आणि जिन्यातूनही. मग पावलं वळली. खाली.

आईचा आवाज परत आला. आल्या आल्या मला विचारते, तू नक्की काय केलंस. सांगितलं, तो मेला. ती म्हणाली, मग पावलं कुणाची? मी म्हटलं, माझी.

रुग्णवाहिका बोलावली आहे. माझी बोटं गार पडू लागली आहेत. म्हणजे बरोबर चाललंय.

जरा वेळाने

ऑफिसच्या दारातून आत आलाय. जिना मोकळा. मी टेबल सोडत नाही — उठले तर तो माझ्यामागे जिन्याकडे वळेल, आणि जिन्यात आत्ता माणसं चढताहेत. उजवा हात बटणावर, लिहितेय डाव्याने. मध्ये मध्ये त्याला एक घालते. म्हणजे विसरायला नको, कुणाचा माग काढायचाय ते.

आईला उतरवताहेत. तिचं ओरडणं ऐकू येतंय, सरळ धरा, मी काय कपाट आहे का. रडू येतंय मला. हसूही. किती मोठा आवाज आहे तिचा.

नखं निळी —

गाडीत बसवली. पण गाडी हलत नाही. ती हलू देत नाहीये. मी आल्याशिवाय निघायचं नाही म्हणून ड्रायव्हरशी भांडतेय.

आई, जा ना गं.

मेसेज केला. लिहिलं, मागच्या दाराने बाहेर पडले, मावशीकडे भेटू. या ऑफिसला मागचं दार नाही. तिने ऑफिस कधी आतून पाहिलेलं नाही.

आवाजवाल्याच्या खुर्चीपाशी आला. खुर्ची सरकली. अजून एक घातली. कण्हला. लागतंय ना? मलाही लागलंय. चार दिवस माझ्या आईला —

इंजिन सुरू झालं.

गाडी वळली. गेली. गेली ती!

ये आता. भिते मी तुला, खूप भिते, आणि तरी इथून हलत नाही. बोट अजून बटणावर आहे. टेबलाच्या या बाजूला ये, अजून जवळ ये, म्हणजे नेम —