पंपाच्या झाकणांवरची पावडर

४ तारीख, सोमवार
मोजमाप खात्यात नवं मशीन आलं. प्रोजेक्टर आणि दोन कॅमेरे. वस्तूवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उजेड पाडायचा. पट्ट्या कुठे किती वाकल्या त्यावरून आकार कळतो म्हणे. बावीस वर्षं कॅलिपरने मोजतोय, मला कधी पट्ट्या लागल्या नाहीत. सोबत एक इंजिनियर मुलगी. मला काका म्हणते, तुमच्याकडून शिकायचंय म्हणते. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ तारीख
साहेब म्हणाले, शुक्रवारी गिऱ्हाइकासमोर चाचणी. मशीन पास झालं तर ते ठेवायचं. मग मी कुठे, विचारलं. बघू म्हणाले. म्हणजे माझी बदली स्टोअरमध्ये. घरी बोललो नाही, तरी बायकोने चेहऱ्याबद्दल विचारलं. हिला कोण बातम्या पुरवतं?

६ तारीख, दुपारी ३
जेवून येतो तर पंपाच्या पॉलिश केलेल्या सहा झाकणांवर पांढरी धूळ. काकांचं टेबल घाणेरडं, असं साहेबांना दाखवायचा डाव. सगळी झाकणं लखलखीत पुसली. नंतर मशीनच्या पडद्यावर झाकणाच्या जागी भोकंच भोकं. मुलगी कावरीबावरी. मनात हसलो.

७ तारीख
पुन्हा धूळ. पुन्हा पुसली. पुन्हा भोकं. मुलगी हातात स्प्रेचा डबा घेऊन फिरते. सेंट असावं. कामाच्या जागी सेंट!
निर्धार: उद्या सगळ्यांच्या आधी पोचायचं.

८ तारीख, शुक्रवार
सातलाच पोचलो. मुलगी माझ्याही आधी हजर, झाकणं पांढरीफटक. ती चहाला गेल्यावर सहाही पुसली. चाचणीत भोकं. साहेब लालबुंद. मुलगी म्हणाली, चकचकीत धातूवर कॅमेरे दिपतात म्हणून पावडर मारते, पण ती टिकतच नाही, चूक माझीच. तिचं बोलणं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. छाती काढून गिऱ्हाइकाला सांगितलं, रोज मी स्वतः पुसतो, बावीस वर्षांत इथे धूळ बसू दिली नाही.
तिने पुन्हा पावडर मारली. चार मिनिटांत झाकण पडद्यावर, एकही भोक नाही.

९ तारीख
साहेबांनी तिचा अर्ज वाचायला दिला. मंगळवारचा. काका सोबत असतील तरच हे मशीन चालवीन, मोजण्यातली त्यांची नजर मला हवी आहे, असं लिहिलंय. साहेबांनी कालपर्यंत मंजूरच धरला होता. आज माझ्यासमोर फाडला. सोमवारपासून स्टोअर. फार वाईट वाटलं.
निघताना तिला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, काका, मी रोज सांगायला यायचे, मला बघितलं की तुम्ही उठून जायचात.